अनवाइंड कुठे आणि कसं वापरायचं

अनवाइंड (unwind) हे इंग्रजी क्रियापद: वेढे सोडणं किंवा शीण उतरणं. आधी उच्चार: अनवाइंड, ‘अनविंड’ नव्हे. भूतकाळी रूप अनवाउंड. ‘अनवाइंडेड’ म्हणू नका.

दोरा, बँडेज, वायर यांचे वेढे सोडताना कर्म द्या: ‘शी अनवाउंड द बँडेज.’ गाठ सोडायला मात्र हे चालत नाही, तिथे अनटाय.

माणसाचा शीण उतरतो तेव्हा कर्म गाळा: ‘आय अनवाइंड आफ्टर वर्क.’ पुढे ‘मायसेल्फ’ चिकटवलं की वाक्य लगेच खटकतं. चिडलेल्याला ‘रिलॅक्स!’ म्हणतात, ‘अनवाइंड!’ नाही, कारण अनवाइंडमधला ताण दिवसभर साचलेला असतो आणि सावकाश उतरतो.

शेअर बाजारात पोझिशन (घेतलेला, अजून न मिटवलेला सौदा) अनवाइंड करणं म्हणजे उलटा सौदा करून मोकळं होणं. तिथे आरामाचा काही संबंध नाही, बहुतेकदा उलटंच!