ईएसआर आलेखात मधोमध घुसलेली टोकदार रेघ

कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनी पॉलिइथिलीनच्या साखळीतला हायड्रोजन तुटतो आणि अल्किल मुक्तमूलक, म्हणजे एकटा, जोडीविना इलेक्ट्रॉन असलेला रेणू उरतो. असे एकटे इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात मायक्रोवेव्ह शोषतात; ते टिपणारी पद्धत म्हणजे ईएसआर (इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्स). क्वार्ट्‌झच्या निर्वात नळीत, ७७ केल्विनला (द्रव नायट्रोजनच्या तापमानाला), या मूलकाच्या सहा रुंद रेघा दिसतात. माझ्या आलेखात मधोमध आणखी एक अरुंद रेघ होती, जी-मूल्य (रेघेची जागा सांगणारा आकडा) सुमारे २.०००५.

मायक्रोवेव्ह पॉवर अगदी खाली आणली तर ती आणखी उठून दिसे, वाढवली की दबून जाई. इतक्या लवकर संपृक्त होणारा, म्हणजे पॉवर वाढवूनही न वाढणारा सिग्नल पॉलिमरचा नव्हे. तो किरणांनी दुखावलेल्या क्वार्ट्‌झचा, म्हणजे नळीचाच! संगणकावर वजाबाकी करून पाहिली, पण संपृक्त रेघ नीट वजा होत नाही, आणि मला ती पद्धत तशीही पटत नाही.

मग लांब नळी घेतली. किरणन झाल्यावर नमुन्याचं टोक द्रव नायट्रोजनमध्येच ठेवून दुसरं, रिकामं टोक ज्योतीवर लालभडक तापवलं. क्वार्ट्‌झमधले दोष त्यात विरतात. ते टोक निवल्यावर त्यालाही नायट्रोजनमध्ये गार केलं, नळी झटकन उलटी करून नमुना तिकडे सरकवला आणि तेच टोक यंत्राच्या मायक्रोवेव्ह पोकळीत बसवलं. मधली रेघ गायब. (नळीला बारीकशी चीर असेल तर हे करू नका: आत द्रवरूप झालेली हवा ऊब लागताच नळी फोडते.)