वाढ, ऊर्जा आणि कार्बनचा हिशेब मांडताना या चुका टाळा

दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये एम.ए.च्या मुलांचे प्रकल्प तपासायला येतात. त्यात एक विषय हमखास असतो: आर्थिक वाढ, ऊर्जेचा वापर आणि कार्बन उत्सर्जन. एक्सेलमध्ये तीन रकाने घेतलेले असतात, जीडीपी, ऊर्जा आणि कार्बन डायऑक्साइड. बाकीच्या दोन्हींवरून कार्बन डायऑक्साइडचं समीकरण बसवलेलं असतं. आर-स्क्वेअर, म्हणजे समीकरण आकड्यांशी किती जुळतं ते सांगणारा ० ते १ मधला आकडा, ०.९९ येतो आणि मुलं खूश होतात. मी मात्र तिथेच थांबते. इतकं छान उत्तर आलं की हिशेबात काहीतरी गफलत असण्याचीच शक्यता जास्त.

उत्सर्जनाचा आकडा कुठून येतो, हे न पाहणं

देशाच्या उत्सर्जनाचा आकडा धुराड्याला मीटर लावून मोजलेला नसतो. किती इंधन जाळलं, त्यात किती उष्णता होती आणि त्या उष्णतेमागे किती कार्बन, यांचा गुणाकार करून तो काढतात. चंद्रपूरच्या २,९२० मेगावॉटच्या वीज केंद्रात जळतो तसला आपल्याकडचा कोळसा घ्या. त्यात राख भरपूर असते, किलोला साधारण ४,००० किलोकॅलरी उष्णता मिळते. असा एक टन कोळसा जाळला की सुमारे १.६ टन कार्बन डायऑक्साइड तयार होतो. टनापेक्षा जास्त कसा, हे मुलं नेहमी विचारतात. जळताना हवेतला ऑक्सिजन येऊन मिळतो, त्यामुळे १२ किलो कार्बनचा ४४ किलो वायू होतो. काही तक्त्यांत आकडे ‘कार्बन’चे असतात, काहींत ‘कार्बन डायऑक्साइड’चे. रकान्याचं शीर्षक न वाचता दोन्ही एकत्र केले, तर हिशेब ३.६७ पटीनं चुकतो.

आता तुमचं समीकरण पुन्हा बघा. डावीकडे उत्सर्जन आहे, म्हणजे ऊर्जेला ठरावीक आकड्यानं गुणलेलं. उजवीकडे तीच ऊर्जा आहे. एकच धान्य एका रकान्यात किलोत आणि दुसऱ्यात क्विंटलमध्ये लिहायचं आणि दोन्हींत घट्ट संबंध सापडला म्हणायचं, असं हे झालं. त्यातून नवीन काहीच कळत नाही.

उपाय सोपा आहे. जपानच्या योइची काया यांनी मांडलेला गुणाकार वापरा: लोकसंख्या, माणशी जीडीपी, जीडीपीच्या दर रुपयामागे लागलेली ऊर्जा आणि ऊर्जेच्या दर एककामागे निघालेला कार्बन. या चौघांचे दरवर्षीचे टक्केवारीतले बदल शेजारी शेजारी मांडा. उत्सर्जन कोणी किती वर ढकललं आणि कोणी खाली ओढलं, ते तिथेच दिसतं.

०.९९ चं दुसरं कारण म्हणजे सगळ्या रेघा वर्षानुवर्षं वरच जात असतात. चढत्या कोणत्याही दोन मालिका जुळल्यासारख्या दिसतात, हे ग्रेंजर आणि न्यूबोल्ड या अर्थशास्त्रज्ञांनी १९७४ मध्येच दाखवून दिलं. मूळ आकडे सोडून त्यांच्या वार्षिक वाढीचे दर घ्या. २०२०-२१ हे टाळेबंदीचं वर्ष वेगळं काढून पाहा, ते एकटं सगळा निकाल फिरवू शकतं.

तीव्रता घटली म्हणजे उत्सर्जन घटलं, असं समजणं

२००५ ते २०२० या काळात भारताच्या जीडीपीची उत्सर्जन-तीव्रता, म्हणजे जीडीपीच्या दर रुपयामागचं उत्सर्जन, ३६ टक्क्यांनी कमी झाली. २०३० पर्यंत ती ४५ टक्क्यांनी कमी करण्याचं आपलं वचन आहे. अनेक जण याचा अर्थ ‘भारताचं उत्सर्जन ३६ टक्क्यांनी घटलं’ असा लिहितात. तसं झालेलं नाही, एकूण उत्सर्जन त्या काळात वाढलंच. पाटी-पेन्सिल घेऊन करून बघा: जीडीपी दरवर्षी ७ टक्क्यांनी वाढला आणि तीव्रता ३ टक्क्यांनी घटली, तरी दहा वर्षांत एकूण उत्सर्जन ४५ टक्क्यांनी वाढतं. ते आहे तिथेच थांबवायचं तर तीव्रता दरवर्षी साडेसहा टक्क्यांनी घटावी लागेल.

जीडीपी चालू किमतींचा घेतला, तर महागाईमुळेच तीव्रता घटलेली दिसते. स्थिर किमतींचाच, म्हणजे एका ठरावीक (पायाभूत) वर्षाच्या किमतींनी काढलेला आकडा घ्या, आणि पायाभूत वर्ष बदलतं तिथे दोन मालिका नीट सांधा.

क्षमतेलाच वीज समजणं

२०२५ मध्ये देशाच्या स्थापित वीजक्षमतेचा (उभारलेल्या सगळ्या संचांच्या मेगावॉटची बेरीज) निम्मा वाटा बिगर-जीवाश्म, म्हणजे कोळसा-तेल-वायू सोडून बाकीच्या, स्रोतांचा झाला. आनंदाचीच गोष्ट आहे. पण प्रत्यक्ष तयार होणारी बहुतांश वीज अजून कोळशाचीच आहे. एक मेगावॉट सौर संच वर्षाला साधारण १६-१७ लाख युनिट देतो. कोळशाचा तेवढाच संच ७० टक्के क्षमतेनं चालला तर सुमारे ६१ लाख. तेव्हा मेगावॉट सोडा, युनिट मोजा.

आणि युनिट कोणत्या वेळेला वापरलं, तेही पाहा. आपल्याकडे शेतीपंपाला रात्री वीज देण्याची रीत होती. शेतकरी काळोखात, साप-विंचवाच्या भीतीनं, पाणी धरायला जायचा. शेतीपंपांना दिवसा सौर वीज देणाऱ्या सौर कृषी वाहिनी योजनेमुळे तोच पंप दिवसा चालतो. युनिटं तेवढीच, पाणीही तेवढंच, पण त्यामागचा कोळसा वेगळा. वार्षिक आकड्यांत हा फरक बुजतो. म्हणून शेतीच्या विजेवर लिहायचं तर तासाची आकडेवारी मिळवाच.

सगळे उदयोन्मुख देश एका पाटीत

ब्राझील आणि दक्षिण आफ्रिका घ्या. माणशी उत्पन्न ब्राझीलचं जास्त, तरी ऊर्जेतून निघणारा माणशी कार्बन दक्षिण आफ्रिकेचा जवळपास तिप्पट. ब्राझीलची वीज मुख्यतः धरणांची, तिकडची कोळशाची. मात्र ब्राझीलच्या हरितगृह वायूंचा मोठा भाग जंगलतोड आणि गुराढोरांमधून येतो. तो सोडला तर चित्र अर्धवट राहतं.

श्रीमंती आली की उत्सर्जन आपोआप उतरतं, ही उलट्या ‘यू’ आकाराची वक्ररेषा नियम म्हणून लिहू नका. २०१३ नंतर चीनचं उत्सर्जन काही वर्षं थबकलं होतं. शिखर आलं असं अनेकांना वाटलं, आणि २०१७ पासून ते पुन्हा चढलं.

चुलीचा धूर

ही चूक जवळपास सगळेच करतात. एखाद्या घरात चूल जाऊन गॅस आला की १४.२ किलोच्या प्रत्येक टाकीमागे सुमारे ४२ किलो कार्बन डायऑक्साइड हिशेबात चढतो. आधीच्या लाकडाचा वायू ऊर्जेच्या बेरजेत धरतच नाहीत, कारण झाडं तोडल्यानं गेलेला कार्बन जमीन-वापराच्या वेगळ्या खात्यात धरायचा असतो. म्हणजे बाईच्या छातीतला धूर थांबला आणि कागदावर देशाचं ऊर्जेतलं उत्सर्जन वाढलं. तुमच्या तक्त्यात एलपीजीचा रकाना वेगळा ठेवा आणि त्याच्या वाढीखाली हे कारण लिहा.