थंडीतले गुलाब: पुण्याचं कॅलेंडर इथे चालत नाही

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, मिनिॲपोलिसमधल्या पहिल्याच ऑक्टोबरात आईचा फोन आला. "दसरा झाला. गुलाब छाटलेस का?" मी निमूट कात्री घेऊन बाहेर गेले आणि पाचही झाडं गुडघ्याएवढी ठेवून छाटून टाकली. पुण्यात हे अगदी बरोबर. पाऊस सरला, छाटणी झाली, खत पडलं, की दीडेक महिन्यात कळ्या. इथेही पुढचे दोन आठवडे ऊन बरं होतं. काड्यांवर तांबूस कोंब फुटले, मी कौतुकाने त्यांचे फोटो आईला पाठवले. नोव्हेंबर लागला आणि तेच कोंब उकडलेल्या पालकासारखे काळे पडून लोंबायला लागले. एप्रिलमध्ये पाचातलं एक झाड जगलेलं निघालं, आणि तेही मी लावलेलं नव्हतंच. त्याची गोष्ट पुढे येईल.

त्यानंतर इथल्या बऱ्याच मराठी घरांतले मेलेले गुलाब पाहिले. सगळे खापर थंडीवर फोडतात. थंडी आहेच; जानेवारी २०१९ मध्ये इथला पारा उणे ३३ अंश सेल्सिअसवर गेला होता. पण माझ्या मते थंडीपेक्षा जास्त झाडं आपला उत्साह मारतो. गुलाबाला वेळेवर झोपू द्यायचं असतं आणि आपण त्याला हलवून जागं करत बसतो.

ऑक्टोबरात छाटणी

काडी कापली की खालचे डोळे जागे होतात. नवा कोंब पाण्याने भरलेला आणि कोवळा, तो पहिल्या कडक हिमात संपतो. दुसरं असं की हिवाळ्यात काडी शेंड्याकडून खाली मरत येते. तीन फुटांची काडी ठेवली आणि दोन फूट मेली, तर फूटभर हाती राहते. तुम्ही आधीच फूटभर ठेवली असेल तर हिवाळ्याने खायचं काय? शरदात फक्त वाऱ्याने झोके खाणाऱ्या लांब काड्यांचे शेंडे कापा, कारण त्या हलून मुळं सैल करतात.

खरी छाटणी वसंतात. फोर्सिथियाची पिवळी झुडपं फुलली की कात्री काढायची. काडी कापून आतला गाभा बघा: तपकिरी असेल तर अजून खाली जा, पांढरा किंवा हिरवट पांढरा दिसला की थांबा. कधीकधी जमिनीपर्यंत जावं लागतं. जीव कळवळतो, पण जायचं.

खत आणि सुकलेली फुलं

ऑगस्टच्या मध्यानंतर नत्राचं खत बंद. सप्टेंबर लागला की सुकलेली फुलं तोडणंही बंद. हे दुसरं आपल्याला फार जड जातं, कारण दिसलं सुकलं फूल की तोड, ही हाताची सवय असते. पण फूल झाडावर राहिलं की त्याचं बोंड धरतं आणि वाढीचा वेग मंदावतो. झाड आवराआवरीला लागतं. पाणी मात्र तोडू नका. माती गोठेपर्यंत आठवड्याला एकदा खोल पाणी द्या. कोरड्या मुळांनी हिवाळ्यात शिरलेलं झाड वाऱ्याने आणखीच वाळतं.

डोळा जमिनीच्या वर

आता त्या जगलेल्या झाडाकडे. मी लावला होता 'पीस', पिवळ्या पाकळ्यांना गुलाबी कड असलेला. पहिल्या वर्षी नुसते लांबलचक फुटवे आले, फूल एकही नाही. दुसऱ्या जूनमध्ये झाड गडद लाल, लहानशा फुलांनी लदलं, दोनतीन आठवडे फुललं आणि मग वर्षभर गप्प. पुण्यात याला आपण म्हणतो, कलम मेलं, गावठी उरला. इथल्या 'गावठी'चं नाव डॉ. ह्यूई. १९१४ साली अमेरिकेत तयार झालेली ही वेलगुलाबाची जात आता बहुतेक खुंट, म्हणजे कलमाखालचं मुळांचं झाड, म्हणूनच जगते. वरचं कलम गेलं की ती खालून डोकं काढते.

कलम गेलं, कारण डोळा भरल्याची गाठ, म्हणजे खुंटाला कलम जोडल्याची जागा, मी जमिनीच्या वर ठेवली होती. आपल्याकडे पावसात कुजू नये म्हणून ती वर ठेवायला शिकवतात, ते तिथे बरोबर आहे. इथे ती गाठ मातीखाली निदान चार इंच गेली पाहिजे. म्हणजे काड्या वरून मेल्या तरी कलमाचेच डोळे मातीखाली शाबूत राहतात, आणि कालांतराने कलमाला स्वतःची मुळंही फुटतात. त्याहून सोपं म्हणजे स्वतःच्याच मुळांवरची रोपं घ्या. ती जमिनीपर्यंत मेली तरी खालून येतं ते तेच झाड.

झाकण्याची घाई

पहिलं हिम पडलं की लोक पाला आणून ओततात. माती अजून गरम, आत ओल, वर पाला: काड्या कुजतात आणि शेतउंदरांना आयतं घर मिळतं. ते बर्फाखाली बसून खोडाची साल गोल कुरतडतात, एप्रिलपर्यंत पत्ता लागत नाही. आधी दोनचार कडक हिमाच्या रात्री जाऊ द्या. मग बुंध्याला फूटभर मातीची भर, आणि जमीन गोठल्यावर त्यावर पाला. भरीची माती दुसरीकडून आणा. झाडाजवळचीच ओढली तर मुळं उघडी पडतात.

झाकायचं ते झाडाला ऊब मिळावी म्हणून, असं बहुतेकांना वाटतं. खरं तर झाड गोठलेलंच राहावं म्हणून झाकायचं. एकदा गोठलं की गोठलेलं बरं. दिवसा वितळणं आणि रात्री पुन्हा गोठणं, हे झालं की काड्यांना भेगा जातात. झाडावर उपडे घालायचे थर्माकोलचे शंकू म्हणूनच फसवतात. फेब्रुवारीच्या उन्हात आत भट्टी होते. वापरायचेच असतील तर वर भोकं पाडा.

हायब्रिड टी जातींचा, म्हणजे दुकानातल्यासारख्या टोकदार फुलांच्या गुलाबांचा, हट्टच असेल, तर या भागाचीच एक पद्धत आहे: मिनेसोटा टिप, म्हणजे आख्खं झाड जमिनीत निजवणं. ऑक्टोबरच्या मध्यावर पानं काढून काड्या सुतळीने एकत्र बांधायच्या. झाडाच्या उंचीएवढा चर खणायचा. मग दातेरी फावड्याने (गार्डन फोर्कने) चरासमोरच्या बाजूची मुळं हळू सैल करून झाड चरात आडवं करायचं. वाकायला पाहिजेत मुळं. वाकताना कलमाच्या गाठीवर ताण आला तर कडकन तुटतं, तो आवाज मी ऐकलाय. वर काही इंच माती, आणि जमीन गोठायला लागल्यावर दीड फूट पाला. शेजारी काठी रोवा, नाहीतर एप्रिलमध्ये स्वतःचीच झाडं शोधत फिराल. पाठीचा विचार करता पाचसहा झाडांपलीकडे मी जात नाही.

एवढं नको असेल तर जात बदला. मॅनिटोबातल्या मॉर्डेनची पार्कलँड मालिका, कॅनडा सरकारच्याच संशोधनातली एक्सप्लोरर मालिका (जॉन कॅबट, विल्यम बॅफिन), किंवा रुगोसा वर्गातला हान्सा. हान्साला लवंगेसारखा वास येतो. फुलं दुकानातल्या गुलाबासारखी टोकदार नसतात, हे मान्य. पण ती येतात.

कुंडीतलं झाड बाहेर ठेवू नका. कुंडीतल्या मुळांना चारही बाजूंनी थंडी लागते. तापवलेलं नसलेलं गॅरेज चालतं, महिन्याकाठी थोडं पाणी द्या. आणि वाहनमार्गालगत गुलाब नको, रस्त्यावरचं मीठ तिथेच साचतं.

वसंतातला उतावीळपणा

मार्चमध्ये दोन दिवस ऊन पडलं की पाला उपसायचा मोह होतो. एप्रिलच्या सुरुवातीपासून थर थर काढा आणि रात्रीच्या हिमासाठी एक जुनी चादर हाताशी ठेवा. ते मेच्या मध्यापर्यंत येऊ शकतं. काड्या काळ्या दिसतात म्हणून झाड लगेच उपटूही नका. जूनचा पहिला आठवडा उलटेपर्यंत कुदळ गॅरेजमध्येच राहू द्या. मी एकदा मेमध्ये एक बुंधा उपटला आणि हातात आला तेव्हा त्याला खाली बोटभर लाल कोंब होता.

माझा डॉ. ह्यूई अजून कुंपणापाशी आहे. तो जुन्या काडीवरच फुलतो. त्यामुळे ज्या हिवाळ्यात बर्फ लवकर आणि भरपूर पडून काड्या त्याखाली दबलेल्या राहतात, त्याच्या पुढच्या जूनमध्येच फुलं. नाहीतर नुसता पाला. शेजारीण मात्र दरवर्षी त्याचीच फांदी मागते.