ओळखीच्या लेखकाच्या भयकथेवर, रहस्यकथेवर रिव्ह्यू लिहिताय? या चुका टाळा

आधी माझीच चूक सांगतो. सोलापुरातल्याच एका ओळखीच्या लेखकानं स्वतःच्या खिशातून भयकादंबरी छापली, घरी आणून दिली, चहापाणी झालं, आणि मी वाचून होताच "अप्रतिम, एका बैठकीत वाचून काढली, जरूर वाचा" असं टाकून पाच स्टार देऊन मोकळा झालो. एका बैठकीत कसलं, तीन रात्री लागल्या होत्या. पुढच्या आठवड्यात शेजारचे काका पुस्तक घेऊन दारात. "तुमच्या भरवशावर घेतलं, १८० रुपये गेले की ओ, भूत येतंय तरी कधी?" भूत पान ९४ ला येतंय. हे मी रिव्ह्यूत लिहायला पाहिजे होतं.

तर पहिली चूक हीच. अप्रतिम, वाचनीय, उत्कंठावर्धक हे शब्द कुठल्याही पुस्तकाला चिकटतात, स्वयंपाकाच्या पुस्तकालासुद्धा. त्यापेक्षा एक प्रसंग धरा आणि तो का जमला ते सांगा. त्याच कादंबरीत सोलापूर शहराच्या पूर्वभागातल्या एका पॉवरलूमच्या कारखान्याचा सीन आहे, रात्री लाईट जाते, सगळे माग एकदम गप्प होतात, कामगार बिडी पेटवायला बाहेर येतो, आणि आत एकच माग खटखट सुरू. बास, एवढंच. ज्याचं बालपण त्या खटखटीत झोपण्यात गेलंय त्याच्या अंगावर काटा येणारच. पण पुढच्याच पानावर लेखक त्या भुताचं पूर्ण चरित्र सांगायला बसतो, जन्म, लग्न, भाऊबंदकी, कर्ज, तीन पॅरा, आणि भीती गेली वाऱ्यावर. आता ताकद आणि कमजोरी दोन्ही शेजारशेजारच्या पानांवर सापडली की नाही? असं लिहिलं की वाचणाऱ्याला पुस्तक कळतं आणि लेखकालाही नेमकं कुठं कापायचं ते कळतं.

याच्या उलटी चूक करणारे म्हणजे आपले साहित्यिक मंडळी. भूतकथा वाचायची आणि तक्रार काय, तर सामाजिक भान नाही, भाषेला खोली नाही. अहो, कडक भाकरी हातात घेऊन ती मऊ नाही म्हणून नावं ठेवायची का? भयकथेला आधी विचारा घाबरवलं का, रहस्यकथेला विचारा फसवलं का, आणि प्रामाणिकपणे फसवलं का. बाकीचं नंतर.

हे प्रामाणिकपणाचं जरा नीट बघायला लागतं. १९२९ साली रोनाल्ड नॉक्स नावाच्या इंग्रज पाद्र्यानं, जो स्वतः डिटेक्टिव्ह कथा लिहायचा, रहस्यकथेचे दहा नियम मांडले होते, त्यातला एक मुद्दा असा की डिटेक्टिव्हला जो पुरावा सापडतो तो लगेच वाचकापुढं ठेवायचा. सगळे नियम आज कुणी पाळत नाही, पण हा एक तपासायला लई कामाचा आहे. पुस्तक संपलं की पेन्सिल घेऊन मागं जा, आणि खुन्याकडं बोट दाखवणाऱ्या जागांवर खुणा करा. चार-पाच खुणा झाल्या तर लेखकानं खेळ सरळ खेळलाय, तुमच्याच लक्षात आलं नाही, तेव्हा चिडू नका. २१० पानांच्या पुस्तकात खुनाचं कारण पहिल्यांदा पान १९८ ला उगवत असेल तर मात्र ती फसवणूक, स्पष्ट लिहा. फक्त खुनी कोण ते लिहू नका. मी एकदा शहाणपणा करून "डॉक्टरवर नजर ठेवा" असं लिहिलं होतं, त्या लेखकानं अजून माझ्याशी बोलणं टाकलंय ते टाकलंय. पहिल्या चौथाईपर्यंतचं सांगा, पुढं गप्प बसा.

तपशिलाच्या चुका सापडल्या की आपल्याला फार आनंद होतो, तिथं थोडं थांबा. एका रहस्यकथेत नायक रात्री अकराला सोलापुरातून हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला निघतो. आता हुतात्मा सकाळची गाडी, सोलापुरातलं शेंबडं पोरगंही सांगेल. नायक नुसताच प्रवासाला निघाला असेल तर रिव्ह्यूत एक ओळ पुरे. पण इथं नायकच संशयित, आणि त्याची सगळी सुटका "मी त्या रात्री त्या गाडीत होतो" यावरच उभी होती, म्हणजे भिंतच पडली, मग ती चूक मोठ्यानं सांगायलाच पाहिजे. चूक केवढी यापेक्षा तिच्यावर कथेचं वजन किती, ते बघा.

शुद्धलेखनाचं तसंच. ई-बुकात वेलांट्या भलत्याच अक्षरावर, रफार सरकलेला, जोडाक्षरं फुटलेली दिसली की लोक "लेखकाला मराठी येत नाही" म्हणून एक स्टार देतात. बऱ्याचदा तो दोष फाईलचा असतो. पुस्तकं जुळवायच्या जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाईप होते, युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाईल-कॉम्प्युटरवरच्या आताच्या पद्धतीत, नंतर, रफाराचं बरोबर उलटं, आणि जुन्यातून नव्यात घाईत कन्व्हर्ट केलं की सगळी खिचडी. एकच चूक पुस्तकभर सारखी येत असेल तर बहुतेक कन्व्हर्जन. सुधाकर पान ४० नंतर प्रभाकर होत असेल तर ते लेखकाचं, कारण हातात एडिटरच नव्हता.

ओळखीचं काय करायचं? फुकट कॉपी मिळाली असेल तर पहिल्याच ओळीत सांगून टाका. ॲमेझॉनवर तर घरच्यांनी आणि जवळच्या मित्रांनी रिव्ह्यू टाकणं नियमातच बसत नाही. नावाचं वजन जयंत नारळीकरांना बरोबर ठाऊक होतं, १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी विज्ञानकथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं, आपलीच आद्याक्षरं उलटी करून, आणि बक्षीस मिळालं. मी आता प्रिंट काढलेली प्रत असेल तर लेखकाचं नाव दिसू नये म्हणून कव्हरला वर्तमानपत्र घालून वाचतो, हसू नका, फरक पडतो.

हुतात्माच्या लेखकाला मी रिव्ह्यू टाकायच्या आधी फोन केला होता. दोन दिवस गप्प होता, मग मेसेज आला, "दादा, सिद्धेश्वर केली." ई-बुकाची फाईल बदलता येते ना. नायक आता रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं जातो, फक्त पान ८३ वर पुण्याचा हमाल अजूनही म्हणतोय, "हुतात्मा आज लेट हाय."