विद्यापीठाचे निर्णय गुणांकनाने घेताय? या चुका टाळा

नव्या प्रयोगशाळेचा निधी कोणत्या विभागाला द्यायचा, हा विषय बैठकीत आला की कोणीतरी एक्सेल उघडतं. निकष, भारांक (म्हणजे कोणत्या निकषाला किती महत्त्व), बेरीज, क्रम. पद्धत चांगलीच आहे. पण आत झालेली चूक अंतिम यादीत दिसत नाही, आणि ज्या विभागाचा निधी हुकतो तो पुढची कित्येक वर्षं ती भोगतो.

सगळ्यात जास्त नडते ती कच्च्या आकड्यांची बेरीज. समजा, पहिल्या विभागात ४४० विद्यार्थी आणि १२ शोधनिबंध आहेत. दुसऱ्यात ४०० आणि ३०. विद्यार्थ्यांना ४० टक्के भार, संशोधनाला ६०. थेट गुणून बेरीज केली तर पहिला १८३.२, दुसरा १७८. म्हणजे संशोधनाला जास्त भार देऊनही अडीचपट निबंध असलेला विभाग हरला! विद्यार्थ्यांचा आकडाच मुळात मोठा, त्यानं सगळं गिळलं. आधी प्रत्येक आकड्याला त्या निकषातल्या सर्वोच्च आकड्यानं भागा. आता पहिला ०.६४ आणि दुसरा ०.९६.

भारांक ठरवायचे ते प्रस्ताव उघडण्याआधी. नावं समोर आल्यावर ठरवलेला भारांक कितीही प्रामाणिक असला तरी त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, आणि ते रास्तच आहे.

थॉमस साटी यांची एएचपी पद्धत, म्हणजे दोन-दोन निकषांची तुलना करून भारांक काढण्याची पद्धत, वापरत असाल तर निकष मोजकेच घ्या. सहा निकषांच्या १५ जोड्या होतात, दहाच्या ४५. तिसाव्या जोडीपर्यंत सदस्य थकतात आणि उत्तरं एकमेकांना छेद देऊ लागतात. उत्तरं एकमेकांशी किती विसंगत आहेत हे सांगणारं सुसंगती गुणोत्तर ०.१० च्या वर गेलं तर विसंगत जोड्या शोधून सदस्यांना पुन्हा विचारा. ऑफिसात बसून परस्पर आकडे दुरुस्त करणं मात्र अजिबात नको.

मतं उघड बैठकीत घेऊ नका. कुलगुरू आधी बोलले की बाकीचे त्यांच्याच सुरात बोलतात. तज्ज्ञांची मतं गोळा करण्यासाठी १९५० च्या दशकात आकाराला आलेल्या डेल्फी पद्धतीत मतं निनावी असतात आणि फेऱ्या एकाहून जास्त होतात, ते यासाठीच. एकाच फेरीत आटोपलं तर ती नुसती प्रश्नावली झाली.

क्रम लागला की प्रत्येक भारांक पाच टक्क्यांनी वर-खाली करून पाहा. पहिला क्रमांक बदलत असेल, तर आधीचा पहिला आणि त्याच्या जागी आलेला, हे दोन्ही प्रस्ताव बरोबरीचे समजा आणि चर्चा त्या दोघांवरच करा. ही चाचणी इतिवृत्तात नोंदवा, म्हणजे निधी न मिळालेल्या विभागालाही कारण वाचता येईल.