टी सेल मेंदूत शिरला म्हणताय, पण नक्की कुठपर्यंत?

ईएईवर (प्राण्यांत मुद्दाम घडवलेला, मल्टिपल स्क्लेरोसिससारखा आजार) काम सुरू करणार असाल तर सेल रक्तवाहिनीला चिकटून बाहेर कसा पडतो ते, म्हणजे रोलिंग, सिलेक्टिन, इंटेग्रिन हे सगळं वाचून झालेलं असणारच, ते परत उगाळत नाही. टी सेलवरचं व्हीएलए-४ हे इंटेग्रिन रक्तवाहिनीवरच्या व्हीकॅम-१ ला चिकटतं, १९९२ मध्ये अल्फा-४ (व्हीएलए-४ चाच एक भाग) विरुद्धच्या अँटीबॉडीने रॅटमधला ईएई रोखता आला, पुढे त्याच वाटेने मल्टिपल स्क्लेरोसिसवरचं नतालिझुमॅब हे औषध आलं. इथपर्यंत सोपं वाटतं, आणि मी नेमकी इथेच अडकले.

कारण रक्तवाहिनीची भिंत ओलांडली म्हणजे सेल मेंदूच्या टिश्यूत पोचला असं नाही!! एंडोथेलियम (वाहिनीचं आतलं अस्तर) आणि त्याचं बेसमेंट मेम्ब्रेन (त्याखालचा प्रथिनांचा पातळ थर) पार केलं की तो येतो पेरिव्हॅस्क्युलर स्पेसमध्ये, म्हणजे वाहिनीभोवतीच्या फटीत, तिथे कोणी अँटिजेन दाखवून त्याला परत अ‍ॅक्टिव्हेट केलं तर ठीक, नाहीतर बसला तिथेच. त्याच्यापुढे ग्लिया लिमिटन्स, म्हणजे अ‍ॅस्ट्रोसाइट या मेंदूतल्या आधार-पेशींचे एंडफीट (वाहिनीभोवती टेकलेली टोकं) आणि त्यांचं स्वतःचं वेगळं बेसमेंट मेम्ब्रेन. ते पार करताना एमएमपी-२ आणि एमएमपी-९ ही एन्झाइम्स डिस्ट्रोग्लायकॅन (एंडफीटना मेम्ब्रेनशी बांधणारं प्रथिन) तोडतात, आणि उंदराची शेपूट लुळी पडायला लागते ती हे दुसरं मेम्ब्रेन ओलांडलं गेल्यावर. रिव्ह्यूमधल्या चित्रात मात्र एकच बाण असतो, त्या चित्रांवर माझा रागच आहे.

आता फ्लोचं (फ्लो सायटोमेट्री, टिश्यूतले सेल सुटे करून मोजणं) बघा. परफ्यूजन (वाहिन्यांतून द्रव सोडून रक्त धुणं) नीट केलं तर वाहिनीतले बहुतेक सेल धुऊन जातात, मारण्याआधी काही मिनिटं शिरेतून सीडी४५ अँटीबॉडी दिली तर ती वाहिनीतल्याच सेलना चिकटते आणि उरलेले ओळखू येतात. पण पेरिव्हॅस्क्युलर स्पेसमधला सेल आणि खरोखर आत गेलेला सेल दोघंही फ्लोमध्ये सारखेच दिसतात. त्यासाठी टिश्यूचे पातळ काप, म्हणजे सेक्शनच कापायला लागतात. पॅन-लॅमिनिन (दोन्ही बेसमेंट मेम्ब्रेन दाखवणारी अँटीबॉडी) लावलं की सूज आलेल्या वाहिनीभोवती दोन कडी दिसतात, सेल त्यांच्या मधे आहेत की बाहेर ते मोजा. फ्लो केलं की झालं म्हणणारे सीनियर भेटतील, वाद घालू नका, काही उंदीर गुपचूप सेक्शनसाठी ठेवा.

सुरुवातीला सेक्शन फाटतात, सगळ्यांचेच फाटतात, घाबरू नका. हां, पण कंट्रोल उंदरांना ईएई घडवताना देतात ते सीएफए (इम्युनिटी भडकवणारं मिश्रण) आणि पर्टुसिस टॉक्सिन दोन्ही द्या, वगळायचं ते फक्त पेप्टाइड (आजार घडवणारा मायलिनचा तुकडा). टॉक्सिन केमोकाइन रिसेप्टरच्या (सेलला वाट दाखवणाऱ्या रसायनांचे रिसेप्टर) सिग्नलिंगमध्येच ढवळाढवळ करतं, त्यामुळे नुसते साधे उंदीर कंट्रोल म्हणून ठेवलेत तर रिव्ह्यूअर पहिल्याच मुद्द्यात धरणार.