सूक्ष्मदर्शकातील छायाचित्रांपासून पावसाळी कलाकृती : या चुका टाळा

तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलासाठी कागदाची झूल करावी आणि तिच्यावर कापसाच्या तंतूंचे स्वतः टिपलेले छायाचित्र छापावे, ही कल्पना नागपूरच्या घराला शोभणारी आहे. कापसाचा तंतू सूक्ष्मदर्शकाखाली पीळ पडलेल्या चपट्या फितीसारखा दिसतो आणि अशा फितींच्या गुंत्याची फार सुंदर नक्षी होते. मात्र असे काम बहुधा कात्री हाती घेण्यापूर्वीच, छायाचित्र टिपताना बिघडते. म्हणून कोणती वस्तू करायची आणि ती किती मोठी असेल, हे आधी ठरवावे.

छपाईचा आकार न मोजणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. मोबाइलचे छायाचित्र ४,००० बाय ३,००० बिंदूंचे (पिक्सेलचे) असले तरी नेत्रिकेतून, म्हणजे सूक्ष्मदर्शकाच्या डोळा लावायच्या भिंगातून, टिपल्यावर मधल्या उजळ वर्तुळाभोवतीचा सगळा भाग काळा येतो. ते वर्तुळ १,८०० बिंदू व्यासाचे असेल, तर त्यातून निघणारा मोठ्यात मोठा चौरस जेमतेम १,२७० बिंदूंचा भरतो. चांगल्या छपाईसाठी इंचाला ३०० बिंदू धरले, तर हा चौरस सव्वाचार इंचांपर्यंतच स्वच्छ उमटतो. झुलीला तेवढे पुरते, भिंतीवरच्या चित्राला पुरत नाही. मोबाइल नेत्रिकेपासून किंचित पुढेमागे करून वर्तुळ सर्वांत मोठे दिसेल तेथे स्टँडवर पक्का बसवावा. छपाईच्या दुकानात व्हॉट्सॲपने पाठवताना छायाचित्र डॉक्युमेंट म्हणून पाठवावे, अन्यथा त्यातील बारकावे आकुंचनात हरवतात.

चित्राखाली ‘४०० पट’ असे लिहिणे चुकीचे आहे, कारण छापील आकार बदलला की ती पटही बदलते. त्याऐवजी त्याच भिंगाखाली आणि मोबाइल त्याच जागी ठेवून बारीक खुणांच्या काचेच्या मोजपट्टीचे (स्टेज मायक्रोमीटरचे) एक छायाचित्र घ्यावे व त्यावरून मापरेषा, म्हणजे ठरावीक लांबी दाखवणारी रेघ, काढावी. ओळखीचे कोडे म्हणून पत्ते करायचे असतील, तर ही रेषा फार उपयोगी पडते. सागाच्या पानाखालची ताऱ्यांसारखी लव आणि संत्र्याच्या सालीतील तेलग्रंथी शेजारी ठेवल्या की कोण किती मोठे, हे मुलांना रेषेवरूनच कळते.

ओल्या नमुन्यांत हवेचे बुडबुडे राहिले, तर काळ्या कडांची ती वर्तुळे पेशी समजून छापली जातात. नमुन्यावर ठेवायची पातळ आच्छादन काच तिरपी धरून एका कडेपासून हळूहळू टेकवल्यास बुडबुडे निसटतात. नवख्यांनी पहिल्या पावसानंतर दिव्याखाली पडलेल्या वाळवीच्या पंखांपासून सुरुवात करावी, कारण त्यांना पाणीच लागत नाही.

कागदाचाही विचार हवा. अनेक घरगुती इंकजेट प्रिंटरची शाई पाण्याने पसरते. त्यातच पांढरा पातळ गोंद लावला, तर झुलीचे रंग एकमेकांत मिसळतात आणि कागदाला सुरकुत्या पडतात. लेझर छपाई करून घ्यावी किंवा कोरडी गोंदकांडी वापरावी आणि छापलेला कागद पूर्ण वाळल्यावरच कापावा. काम संपल्यावर सूक्ष्मदर्शक उघडा ठेवू नये; भिंगांवर बुरशी धरली, तर पुढची सर्व छायाचित्रे धूसर येतात. कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह तो ठेवावा आणि पुड्या ओलसर झाल्या की बदलाव्यात.